दोन वह्यांमधली हरणं

रोही, म्हणजे नीलगाय, पाहायला कुणी तिकीट काढत नाही. दारव्ह्याहून नेरकडे जाणाऱ्या सकाळच्या एसटीत खिडकीशी बसलं, की तुरीच्या वावरांपलीकडे ई-क्लासच्या पडीक सरकारी जमिनीवर पाच-सात तरी उभे दिसतात. ड्रायव्हर त्यांच्यासाठी वेग कमी करत नाही, शाळेला निघालेली पोरं मान वळवत नाहीत. आणि त्याच सकाळी नागपूरकडून आलेली एखादी मोठी गाडी पांढरकवड्याच्या टपरीवर थांबते आणि आतून प्रश्न येतो, "इथं हरणं कुठं दिसतील हो?"

वनखात्यात मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून बाहेर पडलो. नोकरी सगळी यवतमाळ जिल्ह्यात गेली. पांढरकवडा, पुसद, यवतमाळ असे तीन वनविभाग, आणि बदल्या या तिघांतच फिरत राहिल्या. हा प्रश्न मला पाहुण्यांनी विचारला, शाळांच्या सहलींनी विचारला, नवीन आलेल्या साहेबांनीही विचारला. शेतकऱ्यांनी विचारला तो मात्र वेगळ्या सुरात. "तुमची हरणं तुमी जंगलात कोठी ठेवता जी? आमाले तर सारी वावरातच दिसतात."

उत्तर द्यायला खात्याकडे दोन वह्या असतात. एक प्रगणनेची. तिच्यात जंगलात कुठे किती जनावर दिसलं, कुठे लेंड्या सापडल्या, ते लिहिलेलं असतं. दुसरी पीक नुकसानीच्या अर्जांची. रेंज ऑफिसात दोन्ही बहुधा एकाच कपाटात असतात. पहिलीचे आकडे देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्थेपर्यंत जातात. दुसरी भरपाईचं बिल निघालं की बंद होते. जिल्ह्यात हरणं कुठे आहेत हे मला पहिल्या वहीने जेवढं शिकवलं, त्याहून जास्त दुसरीने शिकवलं. पण सुरुवात पहिलीपासूनच करायला हवी, कारण तिच्यामागे पायपीट आहे.

देशभरातली व्याघ्रगणना २००६ पासून दर चार वर्षांनी होते. लोकांना वाटतं की वाघ मोजतात. पण बीटवरच्या गार्डाचा निम्मा वेळ वाघाच्या जेवणाची मोजदाद करण्यात जातो. आधी मांसभक्षकांच्या खुणा शोधत ठरलेल्या वाटांवर चालायचं, मग ट्रान्झेक्ट लाइन. ही दोन किलोमीटरची सरळ रेषा. ती आधीच आखून, झाडांना रंगाच्या खुणा करून ठेवलेली असते. सूर्य उगवता उगवता दोघांनी निघायचं, बोलायचं नाही, बिडी नाही. कळप दिसला की थांबायचं आणि चार गोष्टी टिपायच्या: कोणता प्राणी, किती, होकायंत्रावर कोणत्या दिशेला आणि रेंजफाइंडरने किती मीटरवर. अंतर कशाला, असं नवी पोरं विचारतात. जवळचं जनावर बहुतेक दिसतंच, लांबचं झाडोऱ्यात हरवतं. अंतर वाढेल तसं दिसणं किती कमी होत जातं यावरून जे दिसलं नाही त्याचाही हिशेब मांडता येतो. अख्ख्या पद्धतीची किल्ली त्या मीटरच्या आकड्यात आहे, आणि तोच आकडा कंटाळलेला माणूस अंदाजाने ठोकतो.

माझ्याबरोबर बहुतेक वेळा एक कोलाम वनमजूर असायचा. घाटंजी तालुक्यातल्या पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा, वयाने माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. त्याला रेंजफाइंडरची गंमत वाटे. मी डोळ्याला लावेपर्यंत तो हळूच म्हणे, "साठ." यंत्रात यायचं अठ्ठावन्न नाहीतर एकसष्ट. टिपेश्वरातल्या एका लाइनवरची एक सकाळ सांगतो. मार्च महिना, मोह गळायला लागलेला. दादाने हाताने थांबवलं आणि वर बोट दाखवलं. वर माकडं. त्याने जमिनीकडे पाहिलंच नव्हतं. माकडं मोहाच्या फांद्यांवर बसून अर्धं खात होती, अर्धं सांडत होती, म्हणजे खाली चितळ असणारच. होतीच. आठ माद्या, दोन पाडसं आणि एक नर. नराच्या शिंगांवर अजून मखमल होती, आणि तो शिंगं फांदीला लागू नयेत म्हणून मान तिरकी धरून चालत होता. एका मादीने आम्हाला पाहिलं. तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला, एकदा, मग पुन्हा. शेपटी उभी झाली आणि खालची पांढरी बाजू झळकली. कळपातल्या बाकीच्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी ती पांढरी शेपटी पाहिली, आणि क्षणात मोहाखाली फक्त फुलं उरली. दादाने विचारलं, "लिवलं का?" मी लिहिलं होतं. अकरा, चौऱ्याऐंशी मीटर.

परतताना लेंड्या. लाइनवर दर चारशे मीटरला दोन मीटर रुंद आणि वीस मीटर लांब असा पट्टा धरायचा, वाकून पाचोळा बाजूला करायचा आणि कुणाच्या लेंड्या किती ते मोजायचं. आयुष्यभर मी हे केलं आणि घरच्यांना कधी नीट सांगू शकलो नाही. चितळाची लेंडी लहान, लांबट, एका टोकाला निमुळती. सांबराची मोठी. सांबर आणि रोही यांच्यात नवी पोरं फसतात, पण रोह्याची एक खोड त्याला उघडं पाडते. तो ठरावीक जागीच येऊन टाकतो. दिवसेंदिवस, महिनोन्महिने, एकच ढीग वाढत जातो. जुना ढीग वरून ताजा असेल तर समजावं की मालक घरात आहे. चौशिंग्यालाही हीच सवय, फक्त त्याचा ढीग लहान. जंगलात प्राणी दिसणं नशिबाचा भाग असतो, लेंडी मात्र पळून जात नाही.

टिपेश्वर १९९७ मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर, म्हणजे ताडोब्याच्या मानाने लहानच. पांढरकवडा आणि घाटंजीच्या मधला हा सागाचा पट्टा. सुन्ना, माथनी, कोदोरी ही प्रवेशद्वारं. चितळ पाहायचं असेल तर जिल्ह्यात याहून खात्रीची जागा नाही, आणि त्याचं एक कारण सफारीच्या गाडीत बसलेल्यांना सहसा सांगितलं जात नाही. अभयारण्यातली टिपेश्वर, मारेगाव ही गावं उठून बाहेर वसली. त्यांची वावरं मागे राहिली. नांगर थांबला आणि तिथे गवत आलं. चितळाला घनदाट जंगल नको असतं. त्याला चरायला गवत हवं आणि धोका दिसला की चार उड्यांत शिरता येईल असं झाडोऱ्याचं तोंड हवं. कुणाच्या आज्याने दगड वेचून तयार केलेली जमीन आज जिल्ह्यातलं चितळांचं सगळ्यात चांगलं कुरण आहे. धुरे अजून ओळखू येतात, घरांजवळची आंब्या-चिंचेची झाडंही. पाहुणे त्या कुरणाचा फोटो काढतात तेव्हा मला गाव सोडून गेलेल्यांची आठवण येते. पण हे गाडीत बोललं तर सहलीचा विरस होतो, म्हणून बोलत नसे.

सांबर त्याच अभयारण्यात आहे, पण त्याचा पत्ता वेगळा. तो उताराचा, बांबूचा, सावलीचा प्राणी. दिवसा दिसला तर पाण्यात उभा किंवा चढावर दगडासारखा स्तब्ध. उन्हाळ्याच्या दुपारी कृत्रिम पाणवठ्यावर तो येतो तेव्हा आधी पंधरा-वीस मिनिटं कडेला उभा राहतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसणाऱ्यांना हे ठाऊक असतं. त्या रात्रीच्या मोजणीला पूर्वी प्रगणना म्हणत. एकच कळप दोनदा पाणी प्यायला आला की कागदावर दोन कळप होत, म्हणून आता तिला मोजणी म्हणत नाहीत, निसर्गानुभव म्हणतात. बरं झालं. चंद्रप्रकाशात बसून मोजण्यापेक्षा नुसतं बघितलेलं चांगलं.

माझा एक पुतण्या अमेरिकेत मिशिगनला असतो. तिकडे घराच्या मागच्या हिरवळीवर हरणं येतात, त्यांचे फोटो तो पाठवतो. पांढऱ्या शेपटीचं हरीण म्हणून तिकडे ते प्रसिद्ध आहे. बिथरलं की शेपटी उभारतं, आपल्या चितळासारखंच. मी त्याला विचारलं, तिकडे मोजतात कसे? तो म्हणाला, शिकाऱ्यांवरून. परवाने असतात, दर हंगामात लाखो हरणं रीतसर मारली जातात, आणि कुठल्या काउंटीत किती मारली याच्या नोंदींवरून खातं अंदाज बांधतं. मिशिगनमध्ये २०२२ पासून नियम असा, की हरीण मारल्यावर ७२ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची. हे ऐकून मला हसू आलं. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, तेव्हा ती वही आम्हाला मिळणार नाही. पण ७२ तास म्हणजे तीन दिवस, आणि तीन दिवसांची नोंद आमच्याकडेही आहे. हरणाने पीक खाल्लं तर तीन दिवसांच्या आत शेतकऱ्याने अर्ज करायचा असतो. तिकडे मारणारा कळवतो, इकडे ज्याचं खाल्लं तो कळवतो. दोन्हींत गावाचं नाव, तारीख आणि प्राणी असतोच. तिकडे त्यावरून नकाशे निघतात.

पंचनाम्याला जाणं हे वनपालाचं सगळ्यात नावडतं काम. शेतकरी चिडलेला, रक्कम तुटपुंजी, सोबतचा कृषी सहायक घड्याळ बघत असतो आणि गावचे पंच सहीपुरते आलेले. तरीही मी जे शिकलो ते तिथेच. जंगलाला लागून असलेल्या एका गावात हरभऱ्याचा पंचनामा होता. घाटे भरत आलेले. वावर बाईच्या नावावर, नवरा वारलेला, मुलगा पुण्याला कंपनीत. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "मावशी, काय आलं होतं? रोही की डुक्कर?"

"चालता का माह्यासंगं?" म्हणाल्या, आणि धुऱ्याने पुढे निघाल्या.

जंगलाकडच्या कोपऱ्यात त्यांनी बसायला लावलं. शेंडे खुडलेले, पण कापल्यासारखे नाहीत, ओढून तोडल्यासारखे, कडा फाटक्या. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं, हे मी पुस्तकात वाचलेलं. मावशींनी ते वाचलं नव्हतं. "हे चितळाचं. शेंडा शेंडा खाते अन् पुढं सरकते. डुक्कर असतं तर झाड मुळासकट आलं असतं." मग आम्ही वावराच्या दुसऱ्या टोकाला गेलो, नाल्याकडच्या. तिथे हरभऱ्यात तुरीच्या ओळी होत्या. तुरीच्या फांद्या माझ्या छातीच्या उंचीवर मोडून लोंबत होत्या, शेंगा गायब. "हा रोही. चितळाचं तोंड इतक्या वर पुरत नाही." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही प्रशिक्षणात कुणी मला सांगितलं नव्हतं. "चितळ येते रातच्याले, खाते, अन् झुंजुमुंजूले वापस जंगलात जाते. त्याले घर हाये. रोह्याले कोठी घर हाये? तो नाल्यातच राह्यते. दिवसभर निवडुंगात, बोरीत बसते. तुमचं जंगल त्याले कायले पाह्यजे?"

अर्जावर 'वन्यप्राण्याचे नाव' असा रकाना असतो. त्यात आमचे लोक सवयीने 'रोही/रानडुक्कर' असं तिरकी रेघ मारून लिहून मोकळे होतात. त्या तिरक्या रेघेने किती माहिती गिळली असेल याचा हिशेब नाही. त्या दिवसानंतर माझ्या हद्दीतल्या अर्जांवर मी एकेक नाव वेगळं लिहायचा हट्ट धरला. बाबूलोक वैतागले, कारण चितळ, सांबर, रोही, काळवीट असं वेगवेगळं लिहिलं की रजिस्टर लांबतं.

मग जिल्ह्याच्या नकाशावर पेन्सिलीने ठिपके द्यायला लागलो. चितळासाठी गोल, रोह्यासाठी चौकोन, काळवीटासाठी फुली. हे सरकारी काम नव्हतं, संध्याकाळचा उद्योग होता. हंगाम संपेपर्यंत मावशींचं म्हणणं नकाशावर उमटलं. गोल सगळे जंगलाच्या हद्दीला चिकटून, पहिल्या-दुसऱ्या वावरापुरते. आत चितळ भरपूर असेल तिथे गोल दाट, पण हद्दीपासून लांब एकही नाही. चौकोनांना जंगलाशी काही घेणंदेणं नव्हतं. ते अडाण आणि अरुणावतीच्या खोऱ्यांत, त्यांना मिळणाऱ्या नाल्यांच्या काठाने, ई-क्लासच्या जमिनींवरून पसरलेले. जिथे नाल्याकाठची झुडपं जेसीबीने साफ केलेली, तिथे चौकोन तुटायचे आणि शेजारच्या गावात दाट व्हायचे. म्हणजे एका गावाने नाला साफ केला की रोही कमी होत नव्हते, दुसऱ्याच्या गळ्यात पडत होते.

फुल्या उत्तर-पश्चिमेला. काळवीट उघड्या मैदानाचा प्राणी. पळण्यावर त्याची भिस्त, म्हणून लांबपर्यंत दिसेल अशी जागा त्याला हवी. दारव्हा, नेरच्या सपाट काळ्या जमिनी त्याला मानवतात. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं अभयारण्य खास काळवीटांसाठी आहे, पण ते लहान, अठरा चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि काळवीटांना जिल्ह्याची हद्द कळत नाही. हिवाळ्यात हरभऱ्याच्या हिरव्या शिवारात दुपारीही कळप उभा दिसतो. एखादा काळाभोर नर, बाकी सगळ्या बदामी. गाडीतून उतरलं की पळतात, बैलगाडीला भीत नाहीत.

उमरखेडचा बंदी भाग मात्र या नकाशात बसत नाही. तिथे जंगल आणि वावर यांची सरळ हद्दच नाही. पैनगंगा अभयारण्याच्या आत-बाहेर गावं, तांडे, पाडे विखुरलेले. खरबीच्या चेकनाक्यावरून रस्ता किनवटकडे उतरतो आणि पलीकडे नांदेड जिल्हा. टेकड्या खडकाळ, माती उथळ, सालई आणि धावड्याची झाडं. माझी बदली तिकडे झाली तेव्हा टिपेश्वरात काम केलेले सहकारी म्हणाले, तिकडे काही दिसत नाही. खरं आहे, टिपेश्वरासारखं दिसत नाही. पण ज्याला भेकर आणि चौशिंगा ऐकायचा-शोधायचा आहे त्याने तिकडेच जावं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं; रात्री कॅम्पवर नवखा माणूस म्हणतो, गाव जवळ आलं वाटतं. चौशिंगा एकटा नाहीतर जोडीने राहतो, कळप करत नाही, आणि पाण्यापासून फार लांब जात नाही. नराला चार शिंगं, मागची दोन मोठी आणि डोळ्यांच्या वर पुढची दोन बोटाच्या पेरासारखी. चार शिंगांचं हे जनावर भारत आणि नेपाळ सोडून जगात कुठे नाही. सफारीतले लोक त्याला चितळाचं पिल्लू समजून पुढे निघतात.

तिकडची खरी गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात पैनगंगा म्हणजे वाळूचं पात्र आणि मधेमधे डोह. वर इसापूरचं धरण. काठावरची गावं दर उन्हाळ्यात पाणी सोडा म्हणून निवेदनं देतात. पाणी सुटेपर्यंत बायका वाळूत झिरा खणतात, हात दोन हात खाली पाणी लागतं. सकाळी त्या झिऱ्याच्या ओल्या काठावर खुरांचे ठसे. बायका झिरा झाकत नाहीत. मी एकीला विचारलं तर म्हणाली, "रातच्याले त्यायले लागते, दिवसा आमाले." जनावरं कुठे आहेत हे एप्रिलमध्ये विचारायचं असेल तर वनरक्षकाला विचारू नये, झिऱ्यावर पाणी भरणाऱ्या बाईला विचारावं. सहस्रकुंडच्या वरच्या-खालच्या डोहांवर मी या रीतीने एका उन्हाळ्यात जितके चौशिंगे पाहिले, तितके टिपेश्वरात वर्षानुवर्षं पाहिले नाहीत.

पेन्सिलीचे माझे ठिपके कुणी गंभीरपणे घेतले नाहीत, आणि त्यात त्यांचंही काही चूक नव्हतं. दुसऱ्या वहीत भोकं आहेत. जमीन आज्याच्या नावावर असते म्हणून नातू अर्ज करत नाही. तीन दिवसांत अर्ज झाला नाही की सुटलं. भरपाईपेक्षा पांढरकवड्याचे खेटे महाग पडतात. काही गावं कुंपणाला झटका मशीन लावतात, काही वावराभोवती जुन्या साड्या बांधतात, काही रात्री माळ्यावर जागल करतात, मग तिथून अर्ज येत नाहीत. म्हणजे रोही नाहीत असं नव्हे. काही जण नुसतंच वाढवून लिहितात. आणि काही जण वीजतारेवर आकडा टाकून करंट लावतात, त्यात डुक्कर मरतं, रोही मरतो, कधी वाघ मरतो, कधी शेजारी मरतो. ती नोंद कुठल्या अर्जात येत नाही, ती थेट गुन्ह्याच्या रजिस्टरला जाते. रोही आणि रानडुक्कर मारायच्या परवान्याची कागदोपत्री तरतूद आहे, पण बंदूक कुणाकडे आहे आणि रोह्यावर ती चालवायला तयार कोण आहे?

एवढं असूनही, दुसरी वही नुसती ठेवून देणं मला पटलं नाही, आणि २०१९ नंतर तर मुळीच नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत टिपेश्वरातल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली होती. तो जूनमध्ये निघाला. तेलंगणाचा आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर चाल तेराशे किलोमीटरच्या वर झाली होती. वाटेत बहुतेक शेतीच. बातम्यांत सगळे विचारत होते, एवढा मोठा वाघ लोकांच्या वावरांतून गेला कसा? मला त्याहून साधा प्रश्न पडला, इतके महिने तो खात काय होता? डुक्कर, गुरं, आणि नाल्यांत बसलेलं जे काही असेल ते. कॉलरचा माग नकाशावर पाहिला तेव्हा तो रात्री वावरांतून चालत होता आणि दिवसा नाल्याकाठच्या झुडपांत पडून राहत होता. जिथे रोही दिवस काढतात, तिथेच. पहिल्या वहीच्या हिशेबाने तो प्रदेश रिकामा होता, कारण तिथे लाइनच नव्हती. ट्रान्झेक्ट लाइन जंगलाच्या हद्दीवर संपते.

त्याआधी राळेगावच्या पट्ट्यात नरभक्षक ठरवलेल्या टी-१ वाघिणीचे दिवस गेले होते. २ नोव्हेंबर २०१८ ला ती मारली गेली. त्या काळात तिकडे रात्री जागलीला जायची कुणाची छाती नव्हती. शेतकरी घरात आणि रोह्यांना रान मोकळं. कपाशीत मुक्कामाला असत. एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले, "वाघानं रोही खाल्ले असते तर आमचं काय म्हणणं होतं जी?" त्या भागातल्या पंचनाम्यांचा गठ्ठा एखाद्या विद्यार्थ्याने बसून वाचला तर अभ्यासाचा विषय होईल. निवृत्तीच्या आधी मी तो नीट बांधून, वर तालुक्याचं आणि वर्षाचं नाव घालून ठेवला. आहे की रद्दीत गेला, कल्पना नाही. माझा पेन्सिलीचा नकाशा मात्र घरी आणला, तो माझ्याच पैशांचा होता.

तर, कुठे दिसतील. मे महिन्यात येणार असाल तर टिपेश्वर, पहाटेची पहिली गाडी, चितळ-सांबर हमखास. पावसाळ्यात दारं बंद असतात आणि उघडी असती तरी माणसाच्या उंचीच्या गवतात काही दिसलं नसतं. चौशिंग्यासाठी एप्रिल, पैनगंगेचे डोह, आणि सोबत स्थानिक माणूस, नाहीतर नुसती वाळू बघून याल. जंगलात वणवा लागून गेला असेल तर दोन आठवड्यांनी तिथे जा, काळ्या राखेतून हिरवे कोंब फुटलेले असतात आणि चितळ त्यावर तुटून पडलेलं. आणि डिसेंबर-जानेवारीत येणार असाल, तर अभयारण्याच्या तिकिटाची घाई नको. दारव्हा, नेर, दिग्रस असं साध्या रस्त्याने जा, सकाळी सातच्या आसपास, धुकं असेल तर थोडं उशिराने. रोही नाल्याच्या कडेला उन्हात उभे असतील, काळवीट मधोमध. वावरात पाय घालू नका, धुऱ्यावरूनच बघा. माळ्यावरून रात्रभर जागलेला माणूस खाली उतरत असेल, त्याला आधी रामराम घाला. रात्री किती आले होते, कुठून आले आणि कुठे गेले, हे तो न विचारता सांगेल. भरपाईच्या अर्जाचं विचारलंत, तर मात्र चहा होईपर्यंत सुटका नाही.